जपानी चहा आणि दुसरा स्टोव्ह

लेण्याद्रीच्या पायथ्याला आमची चहाची टपरी आहे. मी सांगते ती हकीकत नव्वदच्या दशकातली, देवळाच्या वाटेवर एसटीडी बूथ नवा नवा आला होता तेव्हाची. टपरी सासूबाईंची. त्यांना मी आत्या म्हणते. टपरीत स्टोव्ह एकच, तोही त्यांचाच. त्या चहा करायच्या आणि मी कपबश्या धुवायचे. माझी मुलं शाळेत जायला लागली होती, तरी गिऱ्हाइकाच्या चहाला माझा हात लागलेला नव्हता. नवरा नारायणगावच्या बाजारात कामाला. तो पहाटे जायचा आणि या भानगडीत पडायचा नाही.

मला दुसरा स्टोव्ह हवा होता. लेणी आणि गणपती बघून उतरलेल्या माणसाला नुसती तहान नाही, भूकही लागते. कपबश्या धुणारीला हे रोज दिसतं. लोक चहात बिस्किटं बुडवून खायचे आणि जेवण कुठं मिळेल म्हणून विचारायचे. माझं माहेर डोंगरातल्या तळेघरचं, नाचणी घरची. गरम भाकरी आणि पिठलं ठेवलं तर कोण नको म्हणेल? पण आत्यांपुढं विषय काढला की एकच उत्तर.

"टपरी च्याची हाय. खानावळ काढायची आसंल तर तळेघरला काढ, माकडांना वाढ."

आत्यांचा चहा होताही तसाच. दाट, आलं ठेचून, तीनदा वर आणलेला. टपरीत बुद्धाची तसबीर होती. ती बघून काही माणसं पुढच्या टपरीवर जायची. आत्या मान वर न करता म्हणायच्या, "जाऊ द्या. त्येचा च्या पानचट हाय."

त्या तसबिरीमुळेच ती जपानी बाई आमच्याकडं बसली. थंडीचे दिवस होते. जपानहून लेणी बघायला म्हाताऱ्या माणसांची एक गाडी यायची, डोक्याला पांढऱ्या टोप्या, हातात काठ्या. बरोबर पुण्याचा गाईड, त्याला त्यांची भाषा यायची. त्यातल्या एका बाईचा गुडघा पहिल्या काही पायऱ्यांतच बोलायला लागला. गाईड तिला परत खाली घेऊन आला. तिनं चार टपऱ्या बघितल्या, आमच्या तसबिरीला हात जोडले आणि बाकड्यावर बसली.

"मावशी, यांना जरा बसू द्या. आम्ही वर जाऊन येतो," असं आत्यांना सांगून गाईड पळाला.

आत्यांनी चहा दिला. बाईनं कप दोन्ही हातांनी धरला, सगळा संपवला, वाकून नमस्कार केला आणि मग पिशवी उघडली. पाहुणचार फेडायचा होता तिला. पिशवीतून एक घट्ट झाकणाचा डबा निघाला आणि एक मातीची किटली, एवढीशी, मुलींच्या भातुकलीतली वाटावी अशी. तिला कान नव्हता. बाजूला सरळ दांडा होता. डब्यात चहा होता. तो मी वाकून बघितला. गडद हिरवा, सुयांसारखा बारीक. वास घेतला आणि मला एकदम आमच्या गोठ्यात पहिली ओली वैरण पडते तो वास आला.

बाईनं खुणेनं पाणी मागितलं. आत्यांनी स्टोव्हला पंप मारून पाणी खळखळ उकळवलं. बाईनं ते चहावर न ओतता रिकाम्या कपांत ओतलं आणि मांडीवर हात ठेवून बसून राहिली. वाफ कमी झाली, तरी ती बसलेलीच.

"पानी गार करून च्या करती," आत्या मला म्हणाल्या. "आमचं राकेल फुकट घालवलं की गं हिनं."

शेजारच्या दुकानात नारळ आणि हार विकणारी बाई होती. ती टपरीत डोकावल्याशिवाय राहायची नाही. तीही येऊन उभी राहिली. मग जपानी बाईनं ते निवलेलं पाणी किटलीत घातलं, जरा थांबली, आणि सगळ्या कपांत थोडं थोडं, फिरून थोडं थोडं असं शेवटच्या थेंबापर्यंत ओतलं. पोपटी रंग. दूध नाही, साखर नाही.

आत्यांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "म्हशीचं आंबोण."

नारळवाली म्हणाली, "माठाची भाजी शिजवल्यालं पानी गं हे."

मी प्यायले. आधी मुगाच्या कोवळ्या शेंगेची चव आली. मग कडू, पण कारल्यासारखं रागीट नाही, मऊ. आणि गिळल्यावर, कप खाली ठेवल्यावर, घशातून गोड वर आलं. आवळा खाऊन पाणी प्यावं तसं! साखर कोणी घातली? कोणीच नाही. मी परत कप पुढं केला. बाई हसली, तिनं त्याच पानांवर पुन्हा पाणी घातलं. या वेळी चव निराळी, कडू थोडं पुढं आलेलं. तिसऱ्यांदा आणखी निराळी. त्याच पानांतून तीन चवी निघत होत्या आणि मी लहान पोरीसारखी प्रत्येक वेळी कप पुढं करत होते. आमच्या चहाची चव सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच असते, तीच त्याची शान. हे काहीतरी भलतंच होतं. माझ्या कपबश्या तशाच पडल्या होत्या आणि आत्या माझ्याकडं बघत होत्या.

गाईड मंडळींना घेऊन खाली आला. बाईनं त्याला काही सांगितलं आणि पिशवीतून एक चकचकीत बंद पुडा काढून माझ्या हातात दिला.

गाईड म्हणाला, "ताई, त्यांच्याकडून तुम्हाला. म्हणतात, एवढ्या आवडीनं पिणारं माणूस त्यांच्या घरातही राहिलं नाही."

"पुढच्या वर्षी येतील का त्या?"

"दर वर्षी येतात. गुडघा काय म्हणतो त्यावर."

"मग म्हणावं, पुढच्या वर्षी हाच चहा मी करून पाजीन."

बोलून गेले. गाईडनं ते लगेच त्यांच्या भाषेत सांगूनही टाकलं. बाईनं वाकून नमस्कार केला. झालं, शब्द गेला.

गाडी वळणाआड गेली आणि आत्या बोलल्या. "तू पाजनार? कशावर? माझ्या स्टोव्हवर?"

"दुसरा द्या, त्याच्यावर."

आत्यांनी नारळवालीकडं बघितलं. "तू साक्षीला हायेस. पुढल्या साली ती पावनी आली, आन हिच्या हातचा हा पाला तिनं कपभर पिऊन संपवला, तर हिनं दुसरा स्टोव्ह मांडावा, भाकऱ्या थापाव्या, काय करायचं ते करावं. न्हाई संपवला तर पुन्यांदा भाकरीचं नाव काढायचं न्हाई."

"आन संपवला पर तोंड वाकडं केलं तर?" नारळवालीनं विचारलं.

"तोंड तिचं हाय, ती बघंल. कप रिकामा पायजे."

"कबूल," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी पुडा उघडला आणि पहिलाच चहा घालवला. माझ्या हातांनीच घालवला. डोळ्यांनी सगळं बघितलं होतं, पण आमच्याकडं पाहुण्याला न उकळलेला चहा देणं म्हणजे त्याला लवकर उठा म्हणून सांगणं. पाणी नुसतं तापवून चहा करायचा, हे हाताला पटेचना. मी मूठभर पानं टाकली, तीनदा वर येऊ दिला, वर सवयीनं दूध घातलं. रंग शेवाळलेल्या हौदाचा आला. चव तर विचारू नका. जीभ दातांना चिकटली. आत्यांनी उठून साखरेचा डबा माझ्यापुढं सरकवला आणि परत जाऊन बसल्या.

त्यानंतर मात्र मी नीट शिकले. कोणी शिकवणारं नव्हतं आणि पुडा एकच, त्यामुळं चिमूट चिमूट घेऊन. आमच्याकडं तसली किटली नव्हती. मी झाकणाचा छोटा तांब्या धरला. गाळणी नवी आणली, दुधाचा चहा कधी न बघितलेली. पाणी किती निवलं हे हातानं ठरवायचं: विरजणाच्या दुधापेक्षा कडक, आपल्या चहापेक्षा मवाळ, कप मुठीत धरवतो पण फार वेळ नाही असं. आणि पानं किती वेळ ठेवायची? आत्या स्टोव्हला पिन मारून पंप देईपर्यंत. त्यांना कळायचं नाही की त्या माझं घड्याळ आहेत. पानं जास्त राहिली की कडू, पाणी जास्त तापलं की त्याहून कडू. जमलं की काय आनंद व्हायचा! मी मोरीपाशी उभी राहून एकटीच हसायचे. उरलेली पानं फेकवेनात, तर एकदा मीठ लावून खाल्ली आणि एकदा थालिपिठात घातली. मुलांनी मेथी समजून खाल्ली.

एकच गोष्ट जमत नव्हती. तो गोडवा. घशातून वर येणारा तो गोडवा माझ्या चहात कधी येईच ना. कडू कमी व्हायचं, वास यायचा, आणि शेवटी सगळं बोथट. पाणी बदलायचं काही मला सुचलं नाही. पाणी ते पाणी.

उन्हाळ्यात मुलांना घेऊन तळेघरला गेले तेव्हा पुडीत थोडा चहा बांधून नेला होता. आईला चाखवायचा म्हणून. तिथं झऱ्याचं पाणी. उन्हाळ्यात झरा बारीक होतो, वाटीनं भरावं लागतं. त्या पाण्यात चहा केला, एक घोट घेतला आणि मी ओरडलेच.

आई बाहेरून धावत आली. "काय चावलं?"

"गोड आलं! आई, गोड आलं!"

"च्या गोड न्हाई येनार तर काय खारट येनार व्हय?" आई म्हणाली आणि कप तोंडाला लावला. मग म्हणाली, "साखर कुटं हाय ह्यात?"

तेव्हा कळलं. आमच्या टपरीवर बोअरचं पाणी. किटलीच्या बुडाला पांढरा थर धरतो, डाळ शिजता शिजत नाही. आत्यांच्या चहाला काही फरक पडत नाही, आलं आणि साखर त्या पाण्याला दाबून टाकतात. या हिरव्या चहाकडं दाबायला काहीच नाही. पाणी जसं तसा तो. म्हणजे पाहुणीला चहा पाजायचा तर पाणी तळेघरचंच लागणार. ठरलं.

आता पुडा सांभाळायचा होता. निम्म्याहून जास्त मी शिकण्यात संपवला होता. पावसाळ्यात आमच्या घरी भिंतीसुद्धा ओल धरतात, पापड मऊ पडतात, काडेपेटी पेटत नाही. मी घरातली सगळ्यांत घट्ट झाकणाची बरणी काढली. प्लास्टिकची, फिरकीची. तिच्यात आत्यांचा काळा मसाला असायचा. मी ती राखेनं घासली, साबणानं घासली, उन्हात ठेवली, आत नाक घालून बघितलं. काही वास नाही. चहा भरला, झाकण फिरवलं आणि बरणी उतरंडीमागं ठेवून दिली. पावसाळाभर हात लावला नाही.

दिवाळीत माहेरी जाताना बरणी बरोबर घेतली. झऱ्याला तेव्हा पाणी भरपूर असतं, म्हटलं एक शेवटची तालीम करू. आईच्या ओसरीवर झाकण उघडलं. मसाला! लवंग, दगडफूल, खोबरं, सगळं जागच्या जागी. आमच्या घराला हाच वास. भिंतींना तो, गोधड्यांना तो, माझ्या नाकालाही तोच. म्हणून तिथं बरणी हुंगली तेव्हा काही कळलं नव्हतं. माहेरच्या हवेत लगेच कळलं. वर थोडी ओलही शिरली होती. पानं मऊ पडली होती, हिरवी होती ती करडी दिसत होती. चहा करून बघितला. चव म्हणजे कालच्या आमटीचं पातेलं विसळलेलं पाणी.

दुसरा पुडा कुठून आणणार? जुन्नरला नाही, पुण्यातही नाही. ओसरीवर बसून मी बरणीकडं बघत राहिले. मला पिठलं-भाकरी दिसत होती, ती वाफेसारखी उडून चालली होती.

आई चुलीपाशी होती. तिनं विचारलं, "नासलं व्हय?"

"ओल लागली. मसाल्याचा वास लागला."

"मग भाज की."

"चहा भाजतात का कुठं?"

"रवा भाजतो, पोहं भाजतो, नाचनी वास मारायला लागली तर ती भाजतो. पालाच हाय ना त्यो? भाज आन बघ. आसाबी फेकायचाच हाय."

आमच्याकडं कशालाही ओल लागली, वास लागला की ते आधी तव्यावर जातं. मी खापराचा तवा घेतला, ज्यावर मसाल्याचं कधी काही पडलं नव्हतं. चुलीतला जाळ ओढून निखाऱ्यावर ठेवला. चिमूटभर पानं टाकली आणि उलथन्यानं फिरवत राहिले. आधी ओल उडाली. मग मसाला आला, असा की आई शिंकली. मग तोही हलका झाला. आणि मग एक वास उठला. नाचणी भाजताना येतो तसा, पण त्याहून गोड, भाजलेल्या शेंगांच्या टरफलासारखा. पानं तांबूस झाली. जरा पुढं गेलं असतं तर करपली असती. मी तवा खाली घेतला.

चहा केला. घाईत पाणी निववायचं विसरले, उकळतंच ओतलं. चव घेतली आणि आईकडं बघितलं. कडू नाही! उकळत्या पाण्यातही कडू नाही. तांबडा, हलका, पोटात ऊब देणारा. मसाल्याचा वास पार तळाशी, शोधला तर सापडेल इतकाच. मी नाचायची बाकी होते. सगळी बरणी भाजून काढली, थोडी थोडी, जीव मुठीत धरून. आईची लोणच्यासाठी आणलेली काचेची बरणी कोरी होती, तिच्यात भरली.

आनंद ओसरल्यावर विचार आला. शब्द दिला होता हिरव्या चहाचा. पाहुणी तांबडा बघून काय म्हणेल? तिचा महागाचा चहा मी तव्यावर घातला हे तिला कळलं तर? कप पुढं सारून उठली तर आत्यांना तोंड उघडायचीही गरज नव्हती. पण दुसरं काही हाताशी नव्हतं. जे होतं त्यावरच निभवायचं.

थंडी पडली. गाईडला मी बूथचा नंबर देऊन ठेवला होता. एक दिवस एसटीडी बूथवाला हाक मारत आला, "वहिनी, पुण्याहून गाईडचा फोन! जपानवाले परवा येनार!"

परवा. म्हणजे उद्या सकाळी पाणी भरायला हवं. मी आत्यांना म्हणाले, "मी तळेघरला जाऊन येते."

"आता? कशाला?"

"पाण्याला."

आत्यांनी हातातलं आलं खाली ठेवलं. "तुझ्या सासऱ्यानं ही हीर खनली, तिच्यावर बोअर मारला. आन तू पान्याला दुसऱ्या तालुक्यात निघालीस."

निघाले. जुन्नर, तिथून घोडेगाव, तिथून तळेघरची गाडी, जिची वाट बघणं हेच एक काम असतं. उतरून वस्तीपर्यंत पायी. रात्र आईकडं काढली, पहाटे झऱ्यावर जाऊन कॅन भरला आणि सकाळच्या गाडीला उभी राहिले. कॅन निळा, प्लास्टिकचा, आधी त्यात काहीही असलं तरी मी तो तीन-तीन वेळा हुंगून घेतला होता, आईकडूनही हुंगवून घेतला होता. शहाणपण आलं होतं.

कंडक्टरनं कॅन बघितला. "राकेल गाडीत चालत न्हाई, ताई. उतरवा."

"पाणी आहे."

"पानी? तळेघरहून पानी कोन नेतं?"

"मी नेते. चहाला."

सगळी गाडी हसली. मागून एक म्हातारा बोलला, "सासूनं हाकललं आसंल. म्हनली आसंल, तुझ्या म्हायेरचं पानी आन मगच च्या पी."

"तसंच आहे जवळजवळ," मी म्हणाले. कॅनचं बूच काढून झाकणभर पाणी कंडक्टरपुढं धरलं. "प्या. रॉकेल असेल तर कळेल."

त्यानं खरंच प्यायलं. ओठ पुसले. "गोड हाय. आजून द्या." मग म्हातारा म्हणाला, "मलाबी," आणि घोडेगाव येईपर्यंत मी निम्म्या गाडीला कॅनपासून लांब ठेवत बसले होते.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. टोप्या उतरल्या, काठ्या उतरल्या, आणि सगळ्यांत शेवटी ती. या वेळी गुडघ्याला पट्टा होता. वर चढायचा प्रश्नच नव्हता. तसबिरीला हात जोडून ती त्याच बाकड्यावर बसली आणि माझ्याकडं बघून हसली. मला ओळखलं! गाईड आज मंडळींना घेऊन वर जाणार होता, मी त्याला धरून ठेवलं. "भाऊ, एवढा एक कप होईपर्यंत थांबा. नुसत्या खुणांवर माझं भागायचं नाही." त्याच्या माणसांनीही चहा मागितला होता, म्हणून तो थांबला. नारळवाली हार ओवत ओवत येऊन टेकली. आत्या स्टोव्हपासून उठल्या. "घे. आजच्यापुरता."

मी स्टोव्हपाशी बसले. तळेघरचं पाणी तापवलं, उकळवलं. तांब्यात तांबडी पानं टाकली. जपानी बाई मान पुढं करून बघत होती. पाणी निववलं नाही हे तिच्या लक्षात आलं, तिच्या भुवया वर गेल्या. मी उकळतं ओतलं, झाकलं, जरा थांबले, गाळलं आणि कप दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला.

तिनं कपात बघितलं. पोपटी हवा होता, तांबडा होता. वास घेतला. प्यायली नाही. गाईडला काहीतरी भराभर बोलली.

"काय म्हनती?" आत्यांनी आधी विचारलं.

"म्हणतात, हा भाजला कोणी?"

मी म्हणाले, "मी. सांगा त्यांना. पावसाळ्यात ओल लागली, मसाल्याच्या बरणीत ठेवला होता, वास लागला, म्हणून खापरावर भाजला."

गाईडनं सांगितलं. चांगलाच वेळ लागला त्याला. बाई ऐकत होती, तिचा चेहरा मला वाचता येत नव्हता. मग तिनं एक घोट घेतला. मग दुसरा. आणि एकदम बोलायला लागली, हातवारे करून, तवा हलवल्यासारखं करून. गाईडला मध्ये शिरता येईना.

"त्या म्हणतात, त्यांच्याकडं घरात चहा शिळा झाला की त्यांची आई असाच भाजायची. होजिचा म्हणतात त्याला. भाजताना सगळ्या आळीला वास जायचा. विचारतायत, तुम्हाला कोणी शिकवलं?"

"आमच्या आईनं. ती तर नाचणीचं सांगत होती."

बाईनं कप तोंडाला लावला आणि सरळ तळापर्यंत गेली. मी कपाकडं बघत होते, नारळवाली कपाकडं बघत होती, आत्याही कपाकडंच बघत होत्या. कप खाली आला. रिकामा.

"संपला!" नारळवाली ओरडली.

"थांब," आत्या म्हणाल्या. "तिनं दिल्याला पाला हिरवा व्हता. ह्यो तांबडा. पैज हिरव्याची व्हती."

"आत्याबाई, तुमी म्हनला कप रिकामा पायजे. रंगाचं काय बोलला न्हाई. मी साक्षीला व्हते."

"तू साक्षीला व्हतीस का तिच्या बाजूनं व्हतीस?"

तेवढ्यात पाहुणीनं रिकामा कप परत नाकाशी नेला, डोळे मिटले आणि गाईडला काहीतरी विचारलं. गाईड जरा अवघडला. "ताई, त्या म्हणतात, तळाशी अजून एक वास आहे. त्यांच्याकडच्या चहात तो नसतो. फार छान आहे, म्हणतात. कसला आहे?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या बोलल्या. "मसाला हाय त्यो माझा! मी करते. दगडफूल कमी टाकते, लोकं टाकतात तसं न्हाई." त्या उठल्या, कमरेची किल्ली काढली, घराकडं गेल्या आणि मसाल्याची पुडी बांधून घेऊन आल्या. पाहुणीच्या हातात दिली. पाहुणी वाकली, आत्याही वाकल्या. त्यांना मी आयुष्यात कोणापुढं वाकताना बघितलं नव्हतं. मग पाहुणीनं कप पुढं केला, आणि माझ्या आधी आत्याच म्हणाल्या, "दे की गं. दुसरा दे. सगळ्यांनाच दे."

म्हणून सगळ्या टोप्यांना दिला. तळेघरचं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत संपलं. पाहुणीनं जाताना नवा पुडा दिला आणि बोटानं तव्यावर फिरवल्यासारखं करून मान हलवली: हा भाजू नको, हिरवाच पी.

गाडी गेल्यावर कपबश्या मी धुतल्या, सवयच ती. मग आत्या म्हणाल्या, "निम्मा कप तिनं माझ्या मसाल्यापायी पिला."

"हो."

"मंग निम्मी जीत माझी."

"तुमची. स्टोव्ह कुठं मांडू?"

आत्यांनी टपरीभर नजर फिरवली, जणू आजच बघत होत्या. "त्या कोपऱ्यात. माझ्या अंगावर धग येता कामा नये. आन राकेल तुझं तू आन."

पुढच्या बाजारच्या दिवशी मी जुन्नरहून स्टोव्ह आणला. पहिल्या दिवशी डिंगोरे गावची चार माणसं लेणी बघून उतरली आणि आत्यांच्या पुढ्यात उभी राहून म्हणाली, "मावशी, खायला काय हाय का?"

आत्यांनी आल्याचा ठेचा चहात टाकला, मान वर केली नाही, फक्त हातानं माझा कोपरा दाखवला. "तिकडं जावा. पिठलं-भाकरी मिळंल. खारट झालं तर मला सांगायला येऊ नका."